चार वाजताचा थेंब

बाई, तुम्ही गेल्याला आज तेरा दिवस झाले. माणूस गेलं की त्याच्याबद्दल चांगलंच लिहायचं असतं, एवढं मला कळतं. पण नुसतं चांगलं लिहीत बसले तर तुम्हीच मला थांबवाल. "काहून खोटं लिवून राहिल्या, टायपिंगबाई?" असं म्हणाल. तुम्ही मला नावानं कधी हाक मारली नाहीत. औंढ्याच्या तहसील आवारात, लिंबाखाली, टेबल मांडून मी लोकांचे अर्ज आणि प्रतिज्ञापत्रं टाईप करते, म्हणून तुमच्या लेखी मी टायपिंगबाई. आणि सगळ्या तालुक्याच्या लेखी तुम्ही नर्सबाई, नोकरीतून निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली तरी.

तेव्हा खरंच लिहिते. मी तुमच्यावर पहिल्या दिवसापासून संशय घेतला. तुम्ही जिवंत होतात तोवर घेतला, आणि तुम्हाला पोचवून आल्यावरही दहा दिवस घेत राहिले. अठरा वर्षं "मी शपथेवर सांगतो की" हे शब्द टाईप करणाऱ्या बाईला दुसरं काय येणार? शपथेवर सांगणारा माणूस त्या शब्दांनंतर काय दडवतो, तेवढंच बघायची मला सवय लागली आहे.

माझ्या लेकीला, ईश्वरीला, शाळेतून काढली तीही याच सवयीनं. सातवीत असताना तिनं इतिहासाच्या पेपरात एक पान कोरं सोडलं होतं, उत्तर येत नव्हतं म्हणून. पेपर घरी आला तर त्या कोऱ्या पानाखाली आठ गुण. शेजारणी म्हणाल्या, बरं झालं की, गुण मिळाले. मला रात्रभर झोप आली नाही. न वाचता गुण देणारे लोक माझ्या पोरीला न शिकवताच पुढे ढकलतील, असं मनात बसलं. पुढच्या जूनपासून मी तिला घरी शिकवायला लागले. सकाळी टेबलावर जाण्याआधी मराठी, इंग्रजी, विज्ञान. संध्याकाळी हे सिद्धेश्वरहून, धरणाच्या ऑफिसातून आले की गणित. दहावीला बाहेरून बसवायचं ठरवलं. नातेवाइकांनी नाकं मुरडली. "पोरगी एकलकोंडी व्हईल," असं माझी नणंद प्रत्येक सणाला म्हणायची. तिचं मी कधी ऐकलं नाही, पण या बाबतीत ती खरं बोलत होती. सकाळचा अभ्यास नऊ वाजता संपायचा, आणि मग ईश्वरी दिवसभर खिडकीपाशी बसायची.

म्हणून मी तिच्यासाठी काम शोधत फिरले. पैशाचं नाही, सेवेचं. चार लोकांत जाईल, चार लोकांच्या उपयोगी पडेल, एवढीच अपेक्षा. वाचनालयात गेले तर म्हणाले, शाळेचं पत्र आणा. दवाखान्यात विचारलं, "कोणत्या शाळेची?" शाळा नाही म्हटल्यावर त्या माणसानं ईश्वरीकडे असं पाहिलं की जणू तीच आजारी आहे. अन्नछत्रात पंगत वाढायला घेतील म्हणून गेले, तिथे एकानं विचारलं की फोटो काढायला तुमचे सर कोण येणार. झाडं लावायलाही शाळाच लागते, ट्रॅक्टर भरून पोरं येतात आणि बॅनर धरून परत जातात. शाळा नसलेल्या पोराला आपल्याकडे सेवाही करता येत नाही, हे मला तेव्हा कळलं. राग आला. घरी येऊन मी तो राग ईश्वरीवरच काढला.

आणि मग तुम्ही आलात, टेबलावर अर्ज टाईप करायला. मोतीबिंदूच्या शिबिरासाठी बंजाऱ्यांच्या तांड्यावरून म्हातारी माणसं न्यायची होती, त्यांना गाडी मिळावी म्हणून अर्ज. हातात वायरची हिरवी पिशवी, पायात कापडी बूट. मी टाईप करता करता शेजारच्या स्टॅम्पवाल्याला आपलं गाऱ्हाणं सांगत होते. तुम्ही मधेच विचारलं, "पोरगी किती वर्साची?"

"चौदा."

"हात थरथरतात का तिचे?"

"नाही. का थरथरतील?"

"मंग पाठवा उद्यापासून. थेंब घालायला मानूस पाह्यजे मला."

शाळेचं पत्र नाही, "तुमचे सर कोण" नाही, फोटो नाही. आणि बाई, माझ्या मनात पहिला विचार आला तो हाच, की जी बाई काहीच विचारत नाही तिला नक्की काहीतरी हवं आहे.

तुमची पद्धत मला पहिल्या आठवड्यात ईश्वरीकडून कळली. डोळ्याचं ऑपरेशन झालं की महिना-दीड महिना थेंब घालावे लागतात. तांड्यावरची कर्ती माणसं सहा महिने ऊसतोडीला गेलेली, मागे म्हातारी आणि लेकरं. म्हाताऱ्यांना बाटलीवरचं वाचता येत नाही, स्वतःच्या डोळ्यात नेम साधत नाही. म्हणून तुमचा एकच नियम होता: थेंब घालणारा घरी जाईल, थेंब घालेल, बाटली घेऊन परत येईल. बाटली कोणाच्याच घरी राहायची नाही. प्रत्येकाची बाटली वेगळी, तिच्यावर चिकटपट्टी, पट्टीवर त्या माणसाचं नाव आणि त्याच्या दाराची खूण. सगळ्या बाटल्या तुमच्या डब्यात, आणि डबा तुमच्या पिशवीत. मला वाटलं, ही बाई बाटल्यांवरही पहारा ठेवते म्हणजे हिच्यात आणि माझ्यात फारसा फरक नाही.

ईश्वरीला शिकवायला तुम्ही आमच्या घरी आलात तो दिवस आठवतो. साधं उकळून गार केलेलं पाणी रिकाम्या बाटलीत भरून आणलं होतंत. मला बाजेवर आडवं पाडलंत आणि म्हणालात, पेशंट तुम्ही. ईश्वरीनं खालची पापणी ओढली आणि मी डोळा घट्ट मिटून घेतला. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा तुम्ही कपाळावर हात मारलात.

"अवो, डोळा उघडा की! लेकीवर भरोसा न्हाई का?"

"आहे हो. पण डोळा आहे माझा."

"तांड्यावरच्या म्हाताऱ्याबी हेच म्हनत्यात. त्येंला म्या काय म्हनू, टायपिंगबाईनंबी मिटला व्हता?"

आम्ही तिघी हसलो. ईश्वरी पोट धरून हसली, कितीतरी महिन्यांनी. थेंब शेवटी गालावर पडला, पण पोरगी शिकली. आठवड्याभरात ती सायकलवर चार किलोमीटर जाऊन तीन घरं करायला लागली. घरी येऊन सांगायची, अमक्या आजोबांना आज दारातली शेळी दिसली, तमक्या याडीनं मला ओळखलं. तांड्यावर आईला याडी म्हणतात, आणि म्हातारी असली की ती सगळ्यांचीच याडी. जेवताना ती बोलायला लागली होती. मला बरं वाटत होतं, आणि बरं वाटतंय म्हणूनच भीती वाटत होती.

तुमच्याशी भांडायला मला निमित्तं भरपूर मिळायची. तुम्ही ईश्वरीचे दोन फोटो मागितलेत. कशाला, विचारलं तर "लागतील." फोटो कशाकशाला लागतात ते माझ्याहून जास्त कोणाला ठाऊक? पुढे एक फोटो शिबिराच्या ओळखपत्रावर दिसला. दुसरा कुठे गेला हे मला आजही माहीत नाही. मग मी म्हटलं, ईश्वरीनं किती तास काम केलं ते लिहून द्या, शिक्का मारून. घरी शिकणाऱ्या पोरांना पुढे प्रवेशाला असे कागद कामी येतात. तुम्ही सरळ नाही म्हणालात.

"तास कशाचे लिवू? चालत गेली त्येचे का थेंब पडला त्येचे?"

"दोन्हींचे लिहा."

"म्हातारीला इचारा. तिला दिसलं तं तिचा अंगठा घ्या कागदावर."

मला वाटलं, कागद अडवून धरताय, म्हणजे पोरगी सुटू नये. आता हे लिहिताना माझं मलाच हसू येतं. पण तेव्हा आलं नव्हतं.

मग स्टॅम्पवाला एके दिवशी म्हणाला, "नर्सबाईनं बराबर पोरगी हेरली, वहिनी. पोर न बाळ, म्हातारपनाची सोय पाह्यजे ना." त्यानं थट्टेत म्हटलं होतं. माझ्या डोक्यात ते खिळ्यासारखं रुतलं. आणि त्याच संध्याकाळी ईश्वरी म्हणाली, "आई, मी बाईंकडे राहायला गेले तर सकाळचे थेंबपण मीच घालू शकेन. बाई एकट्याच असतात गं." ती अगदी सहज म्हणाली. मी भाकरी तव्यावर टाकली होती, ती करपून गेली.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. पण माझ्या तोंडून तुम्ही ते कधी ऐकलं नाहीत, म्हणून सांगते.

तुम्ही चार दिवस साखऱ्याकडे गेला होतात, सेनगाव तालुक्यातल्या पुढच्या शिबिराची नावं घ्यायला. तोवर बाकीच्यांचे थेंब संपले होते, फक्त सोनीबाई याडीचे राहिले होते. दिवसातून दोनदा, सकाळी दहाला आणि दुपारी चारला. तुम्ही त्यांची बाटली ईश्वरीच्या हातात दिलीत आणि म्हणालात, दोन्ही वेळा तू जा आणि बाटली तुझ्या घरी ठेव. बाटलीसकट तुमचा डबा आमच्या फडताळात आला. मी तो पाहिला आणि ठरवलं की आता या पोरीचं जाणं-येणं हळूहळू कमी करायचं.

"उद्यापासून सकाळीच जायचं," मी म्हटलं. "दुपारी नाही."

"आणि चार वाजताचा थेंब?"

"बाटली तिथेच ठेवून ये. त्या म्हातारीला काय हात नाहीत?"

"बाई म्हणाल्यात, बाटली ठेवायची नाही."

"बाटली काय सोन्याची आहे? ठेवून ये म्हटलं ना. आणि बाईंना सांगायचं काही कारण नाही."

ईश्वरी रडली. मग तिनं ऐकलं. चारही दिवस ती सकाळी जाऊन थेंब घालून दुपारी घरी राहिली, आणि मी तिला भूमितीचे दोन जास्तीचे धडे करायला लावले. बाटली याडीच्या घरी होती.

याडीच्या घरी पाच नातवंडं होती आणि त्याच आठवड्यात पाचांचेही डोळे आले होते. लाल झालेले, चिकटलेले. त्यांचे आईबाप ऊसतोडीवर. घरात डोळ्याचं औषध आहे, दवाखान्यातलं, भारी, आणि लेकरं डोळे चोळत रडत आहेत. मग त्या म्हातारीनं काय करावं? तिनं पाचही लेकरांच्या डोळ्यांत थेंब घातले. बाटलीचं टोक प्रत्येकाच्या पापणीला टेकवून, नेम साधत नव्हता म्हणून. सगळ्यात शेवटी स्वतःच्या ऑपरेशन झालेल्या डोळ्यात घातला. "लेकरं रडून राहिली आन् म्या एकलीच्याच डोळ्यात घालू का?" असं ती नंतर जिल्ह्याच्या दवाखान्यात डॉक्टरांना म्हणाली. लेकरांचे डोळे आठ दिवसांत बरे झाले. तिचा उजवा डोळा गेला.

बाई, त्या दिवशी तांड्यावर माणसं जमली तेव्हा मीही तिथे होते. ईश्वरी बातमी ऐकून सायकलवर पळाली होती, तिला आणायला मी रिक्षा करून गेले. लिंबाच्या पारावर नायक बसले होते, तांड्याचा प्रमुख म्हणून. याडी बाजेवर, डोळ्याला पट्टी. तुम्ही उभ्या. नायकांनी आवाज चढवला नाही. एवढंच विचारलं, "बाटली घरात ठेवायची न्हाई, ह्ये तुमीच सांगत व्हत्या. मंग ठेवली कोन?"

ईश्वरी माझ्या शेजारी होती. तिचं तोंड उघडलेलं मी पाहिलं. मी तिचं मनगट धरलेलं होतं, ते आवळलं. इतकं आवळलं की संध्याकाळपर्यंत तिच्या हातावर माझ्या बोटांचे वळ होते.

आणि तुम्ही म्हणालात, "म्याच ठेवली. मला साखऱ्याला जायचं व्हतं, घाईत ठेवली. भूल माझी हाय."

तुम्ही आमच्याकडे पाहिलंही नाहीत. मी काहीच बोलले नाही. पोरीला रिक्षात बसवली आणि घरी आले. येताना मला सुटल्यासारखं वाटत होतं, हे मी लपवणार नाही. मग घरी पोचेपर्यंत नेहमीचा प्रश्न उभा राहिला: या बाईनं हे का केलं? कोणी उगाच दुसऱ्याचा दोष अंगावर घेतो का? आता ही आम्हाला मिंधं करून ठेवणार. आता मागेल तेव्हा पोरगी द्यावी लागणार. मी ईश्वरीचं जाणं बंद केलं.

तुमचं काय झालं ते मला टेबलावर बसून कळत गेलं. पुढच्या शिबिराला त्या तांड्यावरून एकही माणूस गाडीत बसला नाही. सोनीबाई याडीच्या डाव्या डोळ्यातही मोतीबिंदू पिकत होता, तिनंही नकार दिला. बाया तुम्हाला पाणी द्यायच्या, पण बसा म्हणायच्या नाहीत. ज्या बायांची बाळंतपणं तुम्ही केलीत, त्यांची पोरं तुम्हाला बघून म्हणायची, डोळा घालवणारी बाई. हे सगळं मी ऐकत होते आणि लोकांची प्रतिज्ञापत्रं टाईप करत होते. "वरील मजकूर खरा असून त्यात काहीही लपवलेले नाही." दिवसाला दहा वेळा तरी हे वाक्य माझ्या बोटांखालून जायचं.

ईश्वरीनं माझ्याशी भांडण केलं नाही. नुसतं बोलणं कमी केलं. धडा वाचायची, उत्तरं लिहायची, वही माझ्यापुढे सरकवायची. एकदा मी तिची उत्तरपत्रिका तपासायला घेतली तर तिनं सगळी पानं कोरी सोडली होती. मी विचारलं, हे काय? म्हणाली, "तू दे ना गुण. तुला चालतंय की." मी वही मिटून स्वयंपाकघरात गेले आणि तिथे उभी राहून रडले.

तुम्ही एकदाच आलात त्यानंतर. पावसाळा संपत आला होता. दारातच उभ्या राहिलात, आत या म्हटलं तरी ओट्यावरच बसलात. चहा घेतलात, साखर जास्त झाली म्हणून कुरकुर केलीत. मग म्हणालात, "पोरीला पाठवा. घरात बसून राहिली ती, बरं न्हाई ते."

मी फटकन म्हणाले, "उपकार केलेत ना आमच्यावर, ते फेडून घ्यायला आलात का?"

तुम्ही कप खाली ठेवलात. रागावलात असं वाटलं नाही. थकल्यासारख्या दिसलात.

"कसले उपकार? पोरगी म्याच पाठवली व्हती ना तिथं? बाटली म्याच दिली ना तिच्या हातात? मंग भूल कोनाची?"

"तुम्ही ठेवली नव्हती बाटली. खोटं बोललात तुम्ही सगळ्यांपुढे."

"व्हय, बोलले." आणि पुढे म्हणालात, "तुमी काहून गप ऱ्हायल्या, ह्ये म्या इचारलं का कदी?"

कोपऱ्यावर बसचा हॉर्न वाजला. तुम्ही पिशवी उचललीत आणि निघालात. मी उत्तर देणार होते, असं मी कितीदा तरी स्वतःला सांगितलं आहे. पण खरं म्हणजे बस आली म्हणून मी वाचले. ते भांडण तसंच राहिलं, तुमच्या उरलेल्या चहासारखं ओट्यावर. आपली ती शेवटची भेट.

तुम्ही गेल्याची खबर आली तेव्हा ईश्वरी गणित करत होती. तिनं पेन ठेवलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "आता तरी सांगशील का?" बस्स, एवढंच. तुम्हाला पोचवायला गेलो तेव्हा तांड्यावरून मोजून चार माणसं आली होती. त्यांतली एक बाई माझ्या शेजारी उभी राहून दुसरीला म्हणाली, "बाई चांगली व्हती. पन त्या डोळ्याचं न्हाई इसरत."

मी ते ऐकलं आणि तरीही दहा दिवस काढले. बाई, या दहा दिवसांत मी काय केलं सांगू? तुमच्यावर संशय घेतला. मनाशी म्हणायचे, त्यांनी स्वतःच्या खुशीनं घेतला दोष, आता त्या नाहीत, आता बोलून कोणाचं भलं होणार? पोरीचं नाव मात्र खराब होईल. सगळे मुद्दे बरोबर जुळत होते. आणि मुद्दे इतके बरोबर जुळले की मी टेबलापलीकडच्या माणसाकडे संशयानं बघते. यावेळी टेबलापलीकडे मीच होते.

काल सकाळी ईश्वरीला घेऊन तांड्यावर गेले. नायक पारावर होते. म्हटलं, माणसं बोलवा, सांगायचं आहे. पंधरा-वीस माणसं जमली. याडीला बाजेसकट उचलून आणलं. मी उभी राहिले आणि सांगितलं. नर्सबाईंनी बाटली ठेवली नव्हती. त्या खोटं बोलल्या. बाटली माझ्या पोरीनं ठेवली, तिची इच्छा नसताना, मी ठेवायला लावली म्हणून. मला नर्सबाईंवर भरवसा नव्हता म्हणून. आणि इथे, याच जागी, पोरगी खरं सांगायला निघाली तेव्हा मी तिचा हात आवळून तिला गप्प केलं. अठरा वर्षांत इतकी लांब जबानी मी कोणाची टाईप केली नसेल. पण पूर्ण केली.

नायक म्हणाले, "एक साल लागलं व्हय तुमाला?" कोणी शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. तुम्हाला पोचवायला आलेल्या त्याच बाईनं डोळ्यांना पदर लावला आणि म्हणाली, "आन् आमी तिला बसबी म्हनलो न्हाई."

तेवढ्यात याडी बाजेवरून म्हणाली, "मला म्हाईत व्हतं."

सगळे तिच्याकडे वळले. ती हसून म्हणाली, "अगं, माझ्याच हातात दिली ना पोरीनं बाटली. मला कसं म्हाईत न्हाई?"

अठरा वर्षं साक्षीदारांचे कागद केले आणि मुख्य साक्षीदार समोर बाजेवर बसलेला असताना मला दिसला नाही. ज्या दिवशी तुम्ही दोष घेतलात त्या दिवशी तिला सगळं माहीत होतं. तुम्हाला ठाऊक होतं की तिला माहीत आहे. ईश्वरीलाही. डोळा गेलेली म्हातारी गप्प राहिली, तुम्ही खोटं बोललात, दोघीही एका परक्या पोरीसाठी. एकटी मीच स्वतःसाठी गप्प राहिले होते.

"मग तुम्ही बोलला का नाहीत, याडी?" मी विचारलं.

"बाईनं मना केलं. म्हने, लेकरू हाय. नाव झालं तं पुन्ना कोन्या दारात उभं करतीन का तिला?" मग तिनं हात हवेत चाचपडत विचारलं, "पोरगी आली का?"

ईश्वरी पुढे झाली. याडीनं तिचं तोंड दोन्ही हातांनी धरलं, एका धूसर डोळ्याजवळ आणलं आणि कुठे काय आहे ते तपासत राहिली. "वाढली," म्हणाली. ईश्वरी हुंदके देऊन रडत होती आणि याडी तिला आपल्या बोलीत काहीतरी सांगत होती. ते मला कळलं नाही, पण ईश्वरीला कळत होतं. ती भाषा ती केव्हा शिकली हेही मला माहीत नव्हतं.

मग याडी म्हणाली, दुसऱ्या डोळ्याचं करायचं आहे. वर्षभर नको म्हणत होती ती रागानं नाही, भीतीनंही नाही. थेंब घालायला पोरगी येत नव्हती म्हणून. बाईंच्या हाताला आताशा कंप सुटला होता, म्हणे. बाईही म्हणाल्या होत्या, थांब, पोरगी येईल. त्यासाठीच तुम्ही ओट्यावर आला होतात आणि मी तुम्हाला फेडीचं बोलले.

मला वाटलं, आता तरी आपण काहीतरी द्यावं. मी म्हटलं, "याडी, तुम्ही ऑपरेशन करून घ्या. ईश्वरीची दहावीची परीक्षा आहे, तोवर मी येईन. दोन्ही वेळा. सकाळी आणि चार वाजता. मला पण येतं थेंब घालायला."

याडीनं माझ्या आवाजाच्या दिशेनं मान वळवली.

"न्हाई," ती म्हणाली. "पोरीलाच पाठवा. तुमी बाटली ठिवून जासाल."